हृदयविकार आणि फ्लू : घराघरांतील दक्षता

(वार्षिक मेळाव्यातील आरोग्यविषयक भाषण)



ब्रिटनमधील हिवाळा सुरू झाला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "थोडी कणकण आहे, दोन दिवसांत उतरेल." धडधाकट माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही ठरते. परंतु ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे बायपास झाले आहे किंवा ज्यांचे हृदय अशक्त आहे, त्यांनी या वाक्यावर विसंबणे धोक्याचे आहे. या देशातील दक्षिण आशियाई समाजात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आहे; म्हणून हा प्रश्न आपल्या घराघरांचा आहे.

फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. तापामुळे नाडी जलद होते, शरीरात दाह निर्माण होतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना हा भार पेलत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील संशोधकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट असल्याचे त्यात आढळले.

यावर पहिला उपाय लस. येथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत दीर्घकालीन हृदयविकार असलेल्यांना आणि ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ती दरवर्षी विनामूल्य मिळते. विषाणू रूप बदलतो, म्हणून गतवर्षीची लस यंदा पुरत नाही. लसीमुळेच फ्लू होतो हा समज निराधार आहे. प्रौढांना टोचल्या जाणाऱ्या लसीत जिवंत विषाणू नसतो. बहुधा दंड दुखणे वा किंचित ताप येणे एवढेच घडते. नुकताच झटका आलेल्या रुग्णांवर आठ देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लस घेतलेल्यांमध्ये पुढील वर्षभरातील मृत्यू कमी आढळले.

तरीही फ्लू झालाच, तर वाट पाहू नये. डॉक्टरांना किंवा १११ या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करून हृदयविकाराची माहिती प्रथम द्यावी. विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. इंग्रजीची अडचण असल्यास दुभाष्या मागावा. त्याचे पैसे पडत नाहीत.

हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मात्र उलट्या-जुलाब होत असतील, तर लघवीच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी लगेच विचारावे. तापासाठी पॅरासिटामॉल पाकिटावरील प्रमाणातच घ्यावे. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांत सोडियम पुष्कळ असते, त्या टाळाव्यात. आयबुप्रोफेन आणि नाक मोकळे करणारी औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. सर्दीच्या तयार गरम पेयांत बहुधा पॅरासिटामॉल असतेच, हेही ध्यानात असावे.

आपले घरगुती उपायही डोळसपणे तपासले पाहिजेत. आले-गवती चहाचा घोट घशाला बरा वाटतो. परंतु खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत राहिल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. पेज अवश्य द्यावी, पण मीठ बेताचे, आणि सोबत लोणचे-पापड नको. "भरपूर पाणी प्या" हा सल्लाही सर्वांना सारखा लागू नाही. हृदय अशक्त असलेल्यांनी किती पाणी प्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. अशांचे वजन रोज करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढल्यास शरीरात पाणी साचत असल्याचे समजावे आणि डॉक्टरांना कळवावे. छातीत दाब, बसल्या जागी धाप, ओठांवर निळसरपणा किंवा बोलण्यात असंबद्धता दिसताच ९९९ ला फोन करावा.

शेवटी एक कळकळीची विनंती. आपले वडीलधारे दुखणे लपवितात. मुलाची रजा जाईल, सुनेला त्रास होईल, असे त्यांना वाटते. हा संकोच आपणच दूर केला पाहिजे. त्यांच्या औषधांची यादी आजच लिहून फ्रीजवर लावावी. ६ डिसेंबरची अभिवादन सभा ऐन हिवाळ्यात येते. त्या दिवशी कोणाला ताप-खोकला असल्यास त्याने घरूनच अभिवादन करावे. त्यामुळे सभागृहातील एखाद्या वृद्धाचे प्राण वाचू शकतात. परक्या देशात कष्ट उपसून ज्यांनी आपले संसार उभे केले, त्यांचे आयुष्य जपणे हे आपले कर्तव्य आहे.

जय भीम.