जुन्या पेठेवर नवा मजला

मोठ्या शहराच्या मध्यभागीं व्यापाराची जी जुनी पेठ असते, तेथील एखाद्या इमारतीवर मालकाला आणखी एक मजला चढवावयाचा आहे, अथवा मागील अंगास नवें बांधकाम जोडावयाचें आहे, असें समजा. इमारत त्याची, जमीन त्याची, पैसा त्याचा. असें असतां त्या कामाचा आराखडा शहरांतील एका समितीपुढें ठेवावा आणि 'हें शोभतें' किंवा 'हें शोभत नाहीं' असा अभिप्राय तिनें द्यावा, हें कितपत रास्त आहे? प्रश्न वरवर पाहतां रसिकतेचा दिसतो. परंतु मालकाची मिळकत, भाडेकरूचें छप्पर आणि रस्त्यानें जाणाऱ्याचा हक्क हीं तिन्ही त्यांत गुंतलेलीं आहेत.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईचा कोट घ्या. १८६२ सालीं सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आले आणि त्यांच्या कारकीर्दींत कोटाची तटबंदी पाडण्यांत आली. त्यानंतर जें नवें शहर उभें राहिलें, तें ज्याला वाटेल तसें बांधूं देऊन उभें राहिलेलें नाहीं, ही गोष्ट आपण विसरतों. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचें हॉर्निमन सर्कल, वसविलें तेव्हां भोंवतालच्या इमारतींचे दर्शनी भाग एकाच धाटणीचे ठेवण्यांत आले. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नवरोजी रोड, याच्याविषयीं तर १८९६ सालीं सरकारी नियमच झाला कीं, प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यास दर्शनी बाजूनें पादचाऱ्यांकरितां कमानींची पडवी असली पाहिजे. तेव्हां खाजगी मालकीला रस्त्याच्या शोभेसाठीं मर्यादा घालण्याची कल्पना आजच्या समित्यांच्या डोक्यांतून निघालेली नाहीं.

महात्मा फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंत तो सबंध रस्ता एकदां पायीं चालून पाहावा. एक इमारत गॉथिक वळणाची, दुसरी ग्रीक-रोमन थाटाच्या खांबांची, तर तिसरीवर हिंदी घुमटांची छाया. प्रत्येकानें आपापल्या हौसेप्रमाणें बांधलें. पण खालून चाललेली कमानींची रांग या सर्वांना एका सुतांत ओंवून घेते. मालकानें पडवीपुरती जागा सोडली खरी. परंतु पावसाळ्याचे चार महिने गिऱ्हाईक न भिजतां त्याच्या दाराशीं येऊं लागलें. मला हा नियम नमुनेदार वाटतो, कारण इमारतीच्या रूपाविषयीं तो फार थोडें बोलतो आणि जें बोलतो तें स्वच्छ बोलतो. पुढें याच कमानींवर दुकानदारांनीं वाटेल तेवढ्या पाट्या ठोकल्या आणि खांबांचीं कोरीव शिरें झांकून टाकलीं. गेल्या शतकाच्या अखेरीस, पाटी कमानीच्या आंत बसावी आणि कोरीव काम मोकळें राहावें, असे नियम तयार करून ते अमलांत आणण्याचा प्रयत्न झाला. २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पारितोषिकांत त्या कामाचा सन्माननीय उल्लेख झाला.

पाटी काढतां येते. मजला काढतां येत नाहीं. म्हणून समितीची खरी कसोटी वाढीव बांधकामाच्या वेळीं लागते.

मुंबईचे वारसा-नियम १९९५ च्या एप्रिलमध्यें जारी झाले, आणि २०१८ पासून लागू झालेल्या विकास नियमावलींतही तो विषय कायम ठेवण्यांत आला. त्यांत इमारतींच्या श्रेणी लावलेल्या आहेत. पहिल्या श्रेणींतील वास्तूंना, त्यांच्या जतनासाठीं आवश्यक असेल तेवढेंच सोडून, हात लावावयाचा नाहीं. दुसऱ्या श्रेणीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग आहेत. 'अ' भागांत आंतील बदलांस बरीच मोकळीक, बाहेरील बदलांची मात्र कडक छाननी. 'ब' भागांत त्याच आवारांत विस्तार किंवा जोड-इमारतही करतां येते, मात्र ती उंचीच्या आणि दर्शनी भागाच्या दृष्टीनें मूळ वास्तूशीं सुसंवादी असावी. तिसऱ्या श्रेणींत मोकळीक याहून अधिक. महापालिका आयुक्तांना सल्ला देण्यासाठीं मुंबई वारसा संवर्धन समिती नेमलेली असते.

सर्व भार येऊन पडतो तो 'सुसंवादी' या एका शब्दावर. आम्हां शिक्षकांना हा पेंच चांगला ठाऊक आहे. गणिताच्या उत्तराला गुण देणें सोपें. निबंधाला गुण देतांना दोन परीक्षकांचें क्वचितच जमतें. म्हणून निबंधाला गुणच देऊं नयेत, असें मात्र कोणी म्हणत नाहीं. विषयाला किती, मांडणीला किती, शुद्धलेखनाला किती, हें आधीं ठरवून मुलांना सांगतात, आणि मग तक्रारी पुष्कळ कमी होतात. समितीनेंही तसेंच करावें. रस्त्यावरील कमानींच्या माथ्याची ओळ, खिडक्यांची उभी मांडणी, भिंत आणि उघडी जागा यांचें परस्परप्रमाण, शेजारच्या इमारतींची कार्निसाची रेघ, या सर्व गोष्टी मोजतां येतात. त्या मोजून आधींच प्रसिद्ध केल्या, तर मालकाचा वास्तुशिल्पी पहिला आराखडाच शहाणपणानें काढील. 'आम्हांस रुचलें नाहीं' एवढेंच म्हणून कागद परत पाठविणें ही छाननी नव्हे.

आतां मालकाची बाजू ऐकावी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतील पुष्कळशा जागांचें भाडें १९४० च्या सप्टेंबरच्या पातळीवर गोठविलें. त्या काळीं युद्ध आणि जागेची टंचाई यांमुळें तें आवश्यकच होतें. परंतु तात्पुरतें म्हणून आलेलें हें बंधन पन्नास वर्षें टिकलें. १९९९ च्या नव्या कायद्यानें वर्षास शेंकडा ४ वाढीची सवलत दिली. पण मुळांतलें भाडेंच जर चहाच्या पैशाएवढें, तर त्याच्या शेंकडा ४ नें कोणता गिलावा होणार? मग मालक म्हणतो, वरतीं एक मजला चढवूं द्या, त्याच्या उत्पन्नांतून खालच्या तीन मजल्यांची डागडुजी करतों. हें म्हणणें पुष्कळदां प्रामाणिक असतें. वारशाचें कौतुक सर्व शहरानें करावें आणि त्याचा खर्च मात्र एका कुटुंबानें सोसावा, हें मला न्याय्य वाटत नाहीं. अर्थात् नवा मजला विकून पैसा घेऊन जाणारे आणि खालच्या गळक्या भिंतींकडे ढुंकूनही न पाहणारे मालकही आहेत. म्हणून परवानगी देतांना खालील दुरुस्ती आधीं, मजला नंतर, अशी अट घालावी.

असा मजला कसा असावा? अमेरिकेंत या विषयाचा बराच विचार झालेला आहे. तेथील चार्ल्सटन शहरानें १९३१ सालींच जुना भाग आंखून घेऊन तेथील बांधकामांसाठीं छाननी-मंडळ नेमलें. पुढें तेथील मध्यवर्ती सरकारच्या उद्यानखात्यानें जीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं, त्यांचा आशय असा कीं, जुन्या इमारतीवरील वाढ सामान्यतः एका मजल्याहून अधिक नसावी, ती दर्शनी भिंतीपासून निदान एक गाळाभर मागें सारलेली असावी, आणि मूळ इमारतच दोन-तीन मजल्यांची असेल तर वर वाढ करूंच नये, हें बरें. कारण साधें आहे. समोरच्या पदपथावरून पाहणाऱ्याला मागें सारलेला मजला बहुधा दिसतच नाहीं. मात्र कागदावरील नकाशावरून हें कळत नाहीं; नकाशा नेहमीं गरुडाच्या नाहींतर मुंगीच्या डोळ्यांनीं पाहतो, माणसाच्या नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें तर परवानगीपूर्वीं नियोजित इमारतीच्या उंचीचे खांब प्रत्यक्ष जागेवर उभे करण्याची रीत आहे. शेजारीपाजारी ते पाहतात आणि हरकत असल्यास कळवितात. आपल्याकडे बांबू आणि सुतळी यांना तोटा नाहीं. गच्चीवर चार बांबू उभे करून, वर रंगीत कापड ताणून, समितीनें आणि मालकानें एकत्र रस्त्यावर येऊन पाहिलें, तर अर्धा वाद तेथेंच मिटेल.

न्यूयॉर्कमधील दोन निकाल येथें लक्षांत घेण्याजोगे आहेत. १९१३ सालीं पुरें झालेल्या ग्रँड सेंट्रल या रेल्वे-स्थानकाच्या डोक्यावर ५० हून अधिक मजल्यांचा मनोरा बांधण्याची योजना १९६८ सालीं पुढें आली. तेथील वास्तु-आयोगानें ती नाकारली. रेल्वे-कंपनी न्यायालयांत गेली, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ६ विरुद्ध ३ मतांनीं आयोगाची बाजू उचलून धरली. त्यांतला एक मुद्दा महत्त्वाचा आहे: कंपनीचा वर बांधण्याचा हक्क अगदींच बुडाला नव्हता, तो आसपासच्या दुसऱ्या भूखंडांवर वापरण्याची सोय कायद्यांत होती. याच शहरांत हर्स्ट कंपनीच्या १९२८ सालच्या सहा मजली दगडी इमारतीवर कांच आणि पोलाद यांचा मनोरा उभारण्यास आयोगानें मान्यता दिली, आणि तो २००६ सालीं पुरा झाला. त्याचें रूप खालच्या इमारतीशीं मुळींच जुळत नाहीं. तरीही मान्यता मिळाली, कारण वर उंच मनोरा यावा याच हिशोबानें मूळ सहा मजले बांधलेले होते. माझ्या डोळ्यांना तो मनोरा रुचत नाहीं, हें सांगून टाकतों. पण निकालामागील तर्क मात्र मला पटतो. इमारतीचा पूर्वेतिहास पाहून दिलेला निकाल असाच वेगवेगळा असणार.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न. नवें काम जुन्याची हुबेहूब नक्कल करणारें असावें कीं वेगळें ओळखूं येणारें? सामान्य माणसाला नक्कल आवडते. तज्ज्ञ तिला नाक मुरडतात. याबाबतींत मला एकनाथमहाराजांच्या कार्याचें स्मरण होतें. शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशें वर्षांत लोकांनीं ज्ञानेश्वरांच्याच छंदांत आणि भाषेंत ओंव्या रचून मूळ ग्रंथांत मिसळून दिल्या होत्या. त्या वेगळ्या भाषेंत असत्या, तर कोणालाही ओळखूं आल्या असत्या. हुबेहूब होत्या म्हणूनच त्या निवडून काढण्यास नाथांसारखा अधिकारी पुरुष लागला. नक्कल केलेला मजला हा असाच क्षेपक होय. पन्नास वर्षांनीं विद्यार्थी तो १८९० चा समजून अभ्यासील. उलट पोथीच्या समासांत निराळ्या शाईनें लिहिलेली टीप कोणाची फसवणूक करीत नाहीं आणि वाचणाऱ्याच्या उपयोगींही पडते. नवा मजला या टिपेसारखा असावा: रंगानें आणि मापानें मूळ मजकुरास धरून, अक्षर मात्र आपलें. नाथांनीं पुढें नवीन ओंवी घालण्यास साफ मनाई केली. पहिल्या श्रेणीच्या वास्तूंना ती मनाई शोभते. परंतु सबंध पेठेला ती लावली, तर पेठ ओस पडेल. पोथीवर कोणाचें पोट चालत नाहीं, दुकानावर चालतें.

एका गोष्टीकडे अशा समित्यांत फारसें लक्ष जात नाहीं, आणि ती म्हणजे वजन. कोटांतील कित्येक इमारतींत भार पेलतात त्या जाड भिंती आणि सागवानी तुळया. वर आणखी मजला येईल, असा हिशोब बांधणारानें केलेला असतोच असें नाहीं. काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचें वॉटसन हॉटेल, विलायतेंत ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर १८६० च्या दशकांत उभें राहिलें. १८९६ सालीं चलच्चित्रांचा मुंबईंतील पहिला खेळ तेथेंच झाला. निगेअभावीं त्याचा एक भाग २००५ सालीं कोसळला आणि २०१९ सालीं ती इमारत रिकामी करावी लागली. दर्शनी भागाचें चित्र पाहून मान डोलविणाऱ्या समितींत भार मोजणारा अभियंता प्रत्येक बैठकीस हजर असला पाहिजे, आणि त्याला नकाराधिकार असला पाहिजे.

शेवटची सूचना छोटी आहे. आराखडा समितीपुढें जाण्यापूर्वीं महिनाभर त्याच इमारतीच्या पडवींत, खांबाला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टांगावा. नुसता नकाशा नव्हे, तर आजचें छायाचित्र आणि शेजारीं होणाऱ्या कामाचें चित्र. तळमजल्यावरचा दुकानदार, तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, समोरच्या बँकेंतला कारकून, सर्वांनीं तो पाहावा. हरकत वा पसंती लिहून टाकण्यास खालीं एक पेटी असावी. समितीनें तिच्यांतील प्रत्येक चिठ्ठी वाचून आपला अभिप्राय कारणांसह, ठरीव मुदतींत, त्याच खांबावर लावावा. आणि हे दोन्ही कागद मराठींत असावेत.