विधान आणि ओंजळ



"हे तळे सर्वांना खुले आहे." तर्कशास्त्रात याला विधान म्हणतात. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला. कागद पक्का, पण आपल्या ओठाला थेंब नाही! जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल म्हणतो, बोललेला अर्थ आधी रिकामा असतो. ती गोष्ट अनुभवाला आली की भरतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग हजारोंनी. (कज्जा १९३७ पर्यंत चालला, तो वेगळा विषय.) वाक्य तेच, पण भरले त्या दिवशी.

आता "दुःख आहे" हे विधान बघा. लहान पोरालाही पाठ आहे. पण सतिपट्ठान सुत्तात भगवंत सांगतात, वेदना उठली की ती उठलेली जाणा. आता मांडी घालून बसलात, गुडघा ठणकतोय ना? हलू नका. तो ठणका वाढतो की ओसरतो, तेवढंच पाच मिनिटं बघू या.