अर्थशास्त्रज्ञाचा सल्ला : कै. धनंजयराव गाडगीळ यांचे कार्य

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या विद्वानाच्या कार्याचा परिचय करून द्यावा, अशी आज्ञा संघाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही कै. प्राध्यापक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांची निवड केली. निवड करताना दोन गोष्टी मनात होत्या. अर्थशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना आपला पालकवर्ग ‘त्यात पुढे काय?’ असे विचारतो, ही एक. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या वाटपाविषयी दरवर्षी थोडी कुजबूज होते, ही दुसरी. या दोहोंसंबंधी गाडगिळांच्या आयुष्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे.

गाडगिळांचा जन्म १९०१ सालचा. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवर प्रबंध लिहिला आणि तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षे ते सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० साली रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या विद्यमाने, पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ आले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्याच पदावर राहिले.

एवढ्या काळात या विद्वानाने काय केले? प्रथम त्यांनी मोजणी केली. संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांतील विषय पाहिले असता कोणास हसूही येईल : पुण्यातील फळांचा बाजार, मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब. परंतु बागाईतदारास मिळणारा भाव आणि गिऱ्हाईक देतो तो भाव यांत अंतर किती, आणि ते कोणाच्या पदरी पडते, हे दलालाच्या गाळ्यापाशी जाऊन विचारल्यावाचून कळत नाही. पुस्तकातील सिद्धान्त विलायतेहून आणता येतो. वाईच्या कुणब्याचा जमाखर्च मात्र वाईसच जाऊन लिहून घ्यावा लागतो. पुढे पुणे शहराचीही अशीच सामाजिक व आर्थिक पाहणी संस्थेने केली.

या मोजणीचे मोल सरकारासही कळून आले. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, तेव्हा १९४३ साली नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीवर गाडगीळ होते. शेतीच्या कर्जाचा विचार करणाऱ्या उपसमितीचे ते अध्यक्ष झाले. तिचा अहवाल १९४५ चा. परंतु सर्वांत मोठे काम रिझर्व्ह बँकेने १९५१ साली हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे. श्री. ए. डी. गोरवाला हे त्या समितीचे अध्यक्ष होते आणि गाडगीळ तिचे एक सभासद. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत चौकशी झाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला असता, अर्ध्या शतकानंतर शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा भाग शेकडा सुमारे ३ एवढाच आहे, आणि शेकडा ७० च्या आसपास कर्ज सावकाराचे आहे, असे त्या पाहणीत आढळले.

सहकाराच्या व्यासपीठांवर त्या काळी भाषणे थोडी होत नव्हती. त्या सर्व भाषणांवर हा शेकडा तीनचा आकडा भारी ठरला. तथापि सहकार फसला म्हणून तो सोडून द्यावा, असे समितीने म्हटले नाही. दुबळ्यांची संस्था सावकार आणि व्यापारी यांच्या बळापुढे एकटी टिकत नाही, म्हणून सरकारने तिच्या भांडवलात भागीदार व्हावे, आणि कर्ज, विक्री व साठवण यांची सांगड घालावी, असा सल्ला तिने १९५४ च्या अहवालात दिला. इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक स्थापन झाली, तीही याच अहवालाच्या शिफारशीवरून.

दिलेला सल्ला स्वतः अंगावर घेण्याची तयारीही गाडगिळांपाशी होती. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीच्या परिसरातील शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभारावयाचे ठरविले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद या पुण्याच्या प्राध्यापकाने स्वीकारले. पदवीधर संशोधक आणि अल्पशिक्षित परंतु जाणता शेतकरी यांनी एका फडावर काम केले. प्रवरेच्या काठी १९५० साली सुरू झालेल्या त्या कारखान्याचे अनुकरण पुढे महाराष्ट्रभर झाले.

१९६७ साली गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. त्या काळी योजनांसाठी केंद्राकडून राज्यांना जे साहाय्य मिळे, त्याच्या वाटणीस निश्चित सूत्र नव्हते. योजनेगणिक रक्कम ठरे. ज्याची वाटाघाट चांगली, त्याचे पारडे जड, असा संशय येण्यास जागा राही. गाडगिळांच्या पुढाकाराने चौथ्या योजनेसाठी सूत्र तयार झाले, आणि राष्ट्रीय विकास परिषदेने ते मान्य केले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज प्रथम बाजूला काढावयाची. उरलेल्या रकमेपैकी शेकडा ६० लोकसंख्येप्रमाणे. शेकडा १० राष्ट्रीय सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांस. शेकडा १० कर उभारण्याच्या प्रयत्नाप्रमाणे. शेकडा १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी. आणि शेकडा १० विशेष अडचणींसाठी. हेच ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे.

हे सूत्र निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही. गरीब राज्यांच्या वाट्यास शेकडा दहाच का, असा आक्षेप निघाला आणि तो रास्त होता. १९८० साली चालू प्रकल्पांचा भाग काढून तो दारिद्र्याच्या निकषात मिळविण्यात आला. १९९१ सालीही दुरुस्ती झाली. २०१५ साली नियोजन मंडळाच्या जागी नीती आयोग आला, आणि साहाय्याची ती पद्धतही संपली. परंतु सूत्र लिहिलेले होते म्हणूनच त्यातील उणीव बोट ठेवून दाखविता आली आणि ते दुरुस्त करता आले. तोंडी मर्जीस दुरुस्ती नसते. एप्रिल-मे १९७१ च्या सुमारास गाडगिळांनी दिल्लीचे काम सोडले आणि परतीच्या प्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिलेली संस्था मात्र काम करीत होती. त्याच वर्षी तिचे संचालक वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता पालकवर्गास दोन शब्द. अर्थशास्त्रात ‘पुढे काय’ याचे उत्तर हे असे आहे. या विद्येत लवकर पैसा नाही आणि लवकर नावही नाही. पण चिकाटीने मोजलेला एक आकडा हजार व्याख्यानांचे काम करतो. आमचे हे व्याख्यानही त्या हजारांतच धरावे. आणि पाहणीसाठी कोणी दारी आला, तर त्यास खरी माहिती द्यावी. लग्नासाठी काढलेले कर्ज लपविणारे आणि उत्पन्न फुगवून सांगणारे घर आपल्याच हिताच्या धोरणाचा पाया पोकळ करते.

दुसरे शिष्यवृत्तीविषयी. आपला निधी लहान आहे, अर्ज अधिक आहेत. ‘मुलगा कोणाचा?’ या प्रश्नाने निवडीस आरंभ झाला, तर ज्या विधवा मातेस समितीत ओळखीचे कोणी नाही तिचा अर्ज तळाशीच राहणार. म्हणून आमची विनंती अशी आहे की, कुटुंबाचे उत्पन्न, शिकणाऱ्या मुलांची संख्या, परीक्षेतील गुण आणि विशेष अडचण यांना किती वजन द्यावयाचे, ते अर्ज मागविण्यापूर्वी ठरवावे, आणि पुढील वर्षीच्या याच स्मरणिकेत छापावे. वजने चुकली तर पुढील सभेत बदलता येतील. गुणी मुलाने हात पसरून नव्हे, नियमाने मिळालेला हक्क म्हणून ती रक्कम घ्यावी, यातच संघाची शोभा आहे.