सरोवरांच्या अरण्यात बारा महिने



आज मी ज्या प्रदेशाविषयी बोलणार आहे तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून पसरलेला आहे. ‘बाउंडरी वॉटर्स’ या नावाने तो ओळखला जातो. सुमारे 11 लक्ष एकरांच्या या अरण्यात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत आणि होडीने प्रवास करण्याच्या जलमार्गांची एकंदर लांबी 1,200 मैलांच्या आसपास भरते. या अरण्याच्या वेशीवरील ईली या गावी मी वाढलो. माझे वडील तेथील लोखंडाच्या खाणीत कामाला होते. यास्तव माझ्या बोलण्यात माहितीबरोबरच आमच्या घरातील एका जुन्या वादाचाही अंश येईल. तो आपण समजून घ्यावा.

प्रथम भूमीविषयी. येथील खडक पृथ्वीवरील अतिप्राचीन खडकांपैकी होत. हिमयुगात प्रचंड हिमस्तर या खडकांवरून सरकत गेले, त्यांनी माती खरवडून नेली आणि जागोजागी खोलगट भाग कोरले. बर्फ वितळल्यावर त्यांतच ही सरोवरे साठली. दोन सरोवरांच्या मध्ये बहुधा जमिनीचा एखादा पट्टा असतो. तेथे प्रवाशाने कॅनू ही हलकी, निमुळती होडी पाण्यातून काढावयाची, उलटी करून खांद्यांवर घ्यावयाची आणि पलीकडच्या पाण्यात नेऊन सोडावयाची. या पायवाटांची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापाने सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे जवळजवळ एका कॅनूची लांबी. असे 320 रॉड झाले की एक मैल होतो. नकाशावर हा आकडा लहान दिसतो. खांद्याला मात्र त्याचा खरा अर्थ कळतो.

या वाटा आम्ही पाडलेल्या नाहीत. ओजिब्वे लोक भूर्जवृक्षाच्या सालीची होडी बनवून पिढ्यान् पिढ्या येथून ये-जा करीत आले आणि पुढे अठराव्या शतकात कातड्यांचा व्यापार करणारे नावाडीही याच मार्गांनी गेले. 1854 च्या तहाने ओजिब्वे लोकांनी आपली भूमी सोडली, परंतु तीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि वनोपज गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. तेव्हा या अरण्याला ‘निर्मनुष्य’ म्हणणे हे इतिहासाला धरून होणार नाही.

आता ऋतूंकडे वळू. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात अरण्यात मुक्कामाला जाणाऱ्यांची संख्या प्रत्येक प्रवेशस्थानी मर्यादित असते. एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या, यांहून अधिक नाहीत. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या यांचा उपद्रव इतका असतो की, पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी परतीची भाषा बोलू लागतो. परंतु संध्याकाळी वारा पडतो, पाणी आरशासारखे होते आणि दूरवरून लून पक्ष्याची दीर्घ आर्त हाक ऐकू येते. मग तोच माणूस आणखी एक दिवस राहतो. उन्हाळा सरता सरता ओजिब्वे कुटुंबे उथळ पाण्यात उगवणाऱ्या रानतांदळाच्या, म्हणजे मनोमिनच्या, कापणीला निघतात. भूर्जाची पाने पिवळी होतात, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत सरोवरे गोठू लागतात.

हिवाळ्यात सरोवर हाच रस्ता होतो. पायी चालावयाचे तर निदान चार इंच जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, हा धडा आमच्याकडे मुलांना लहानपणीच मिळतो. पायांना रुंद हिमपादुका बांधून, लाकडी पट्ट्यांवर घसरत किंवा कुत्र्यांच्या घसरगाडीतून लोक आत जातात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि तंबूत शेगडी पेटवून रात्र काढतात. जवळच्या टॉवर या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी तापमान उणे 51 सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तेव्हा हा विरंगुळा सावधपणाचा आहे. वसंतात बर्फ कुजू लागला की काही आठवडे होडीही चालत नाही आणि घसरगाडीही चालत नाही. या दिवसांत अरण्य माणसाला आत घेत नाही, आणि आम्हीही ते मान्य करून घरी बसतो.

परंतु हे सारे आपोआप टिकले, असा समज नसावा. 1909 मध्ये येथे राष्ट्रीय वन स्थापन झाले. 1930 च्या कायद्याने काठापासून 400 फुटांच्या आतील वृक्षतोड आणि पाण्याची पातळी बदलणारी धरणे यांना आळा घातला. आतील विश्रामगृहांकडे विमाने घिरट्या घालू लागली, तेव्हा 1949 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी समुद्रसपाटीपासून 4,000 फुटांच्या खालून उड्डाण करण्यास बंदी केली. 1964 च्या अरण्य-संरक्षण कायद्यात या प्रदेशाचा समावेश झाला, तरी काही सवलती राहिल्याच. 1978 च्या कायद्याने वृक्षतोड थांबविली आणि बहुतेक सरोवरांवरून मोटारनौका हटविल्या. या कायद्याची बाजू मांडणारे लेखक सिगर्ड ओल्सन ईलीचेच रहिवासी. 1977 मध्ये गावात जाहीर सुनावणी झाली, तेव्हा त्यांच्या प्रतिमेला फाशी देण्यात आली होती.

त्या जमावात माझे वडील होते. ते दुष्ट नव्हते. खाणीत त्यांची पाठ अधू झाली होती आणि 1967 मध्ये गावातील शेवटची खाणही बंद पडली. रविवारी लहानशा मोटारनौकेतून एका सरोवरावर जाऊन मासे धरणे, एवढाच त्यांचा विसावा होता. “होडी खांद्यावर घेऊ शकतो त्यालाच अरण्य, असा हा कायदा आहे,” असे ते म्हणत. मी कायद्याच्या बाजूचा होतो. आम्ही कित्येक महिने जेवताना एकमेकांशी बोलत नव्हतो.

काही वर्षांनी, मार्च महिन्यात, एका शेजाऱ्याची कुत्र्यांची घसरगाडी मागून घेऊन मी त्यांना त्याच सरोवरावर नेले. कांबळ्यात गुंडाळून ते गाडीत बसले होते. मध्यभागी पोहोचल्यावर कुत्री थांबली. बराच वेळ कसलाही आवाज नव्हता. मग वडील म्हणाले, “शांत आहे खरे. पण माझी मोटार इथे असती तरी रविवारपुरतीच असती.” मी उत्तर दिले नाही. त्यांची एक मोटार खरोखरच अल्प होती. परंतु प्रत्येक घरी अशी एक होती, आणि त्या सर्व मिळून शांतता उरली नसती. मात्र तिची किंमत कोणी मोजली, हे विसरण्याचा अधिकार मला नाही, हेही त्या दिवशी मला कळले.

हा प्रश्न मिटलेला नाही. अरण्याच्या सीमेबाहेर, परंतु त्याच पाणलोटात, तांबे आणि निकेल यांची गंधकयुक्त खनिजे आहेत. असा खडक फोडून हवापाण्यात उघडा पडला की आम्ल तयार होते, आणि येथील पाणी उत्तरेकडे, अरण्याच्या दिशेने वाहते. जानेवारी 2023 मध्ये सुमारे 2,25,000 एकर सरकारी जमीन 20 वर्षांसाठी नव्या खाणपट्ट्यांपासून वगळण्याचा आदेश निघाला. परंतु एका सरकारचा आदेश दुसरे सरकार पुसू शकते. आणि गावात पुन्हा तोच सवाल उभा राहतो : पाहुण्यांचा मोसम पाच महिन्यांचा, मग बारा महिन्यांची भाकरी कोठून आणावयाची?

माझे मत मी लपवीत नाही. खाणीचे आयुष्य काही दशकांचे असते. आम्लाने बिघडलेले पाणी त्याहून कितीतरी काळ तसेच राहते. परंतु अरण्य राखा असे सांगणाऱ्याने वेशीवरच्या चुलीचीही चिंता वाहिली पाहिजे. ती न वाहता आम्ही अरण्यातील आनंदाविषयी बोललो, तर आमची होडी आम्ही दुसऱ्याच्या खांद्यावर दिली, असे होईल. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.