मुलांनी घडविलेले शब्द आणि घरची मनी
(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील भाषण)



दुसरीच्या वर्गात ‘आमचे मांजर’ या विषयावर तीन वाक्ये लिहावयास सांगितली आहेत, असे क्षणभर समजावे. एका मुलीने वहीत लिहिले : “आमची मनी सकाळी ओट्यावर उन्हावते. आई दुधाचे भांडे घेऊन निघाली की पायघोळते. रात्री गोधडीवर कणीकते.” शिक्षकांनी तिन्ही क्रियापदांखाली तांबडी रेघ ओढली व ‘असे शब्द मराठीत नाहीत’ असा शेरा दिला. दुसऱ्या दिवशी त्याच वहीत वाक्ये आली ती अशी : “मांजर हा पाळीव प्राणी आहे. मांजरास चार पाय असतात. मांजरास एक शेपूट असते.” चूक एकही नाही, गुण पुरे मिळाले. मनी मात्र वहीतून निघून गेली.

हे नुकसान लहान नाही. त्या मुलीने काय केले होते ते पाहावे. रागावरून ‘रागावणे’, पाण्यावरून ‘पाणावणे’, सुस्तीवरून ‘सुस्तावणे’ ही क्रियापदे मराठीत रूढ आहेत. उन्हावरून ‘उन्हावणे’ करताना तिने हाच नियम वापरला. ‘ठोकर’वरून ‘ठोकरणे’ होते, तसेच ‘कणीक’वरून ‘कणीकणे’ झाले. व्याकरणात ज्यांस नामधातू म्हणतात ते तिला कोणी शिकविले नव्हते. ऐकता ऐकता तिने ते आत्मसात केले होते. ज्या शब्दांखाली रेघ ओढली गेली, तेच शब्द तिला मराठी येत असल्याचा पुरावा होते.

वडीलधाऱ्यांची भाषा तरी कशी घडली? अंड्यांवर बसू पाहणारी कोंबडी ‘खुडूक’ होते, गाय ‘पान्हा चोरते’, मांजर ‘फिस्कारते’, वासरू ‘हुंदडते’. जनावरांच्या सहवासात दिवस काढणाऱ्या माणसांनी कानाने व डोळ्यांनी हे शब्द घडविले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला; दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा पहिला विभाग १९३२ साली. असे शब्द कोशकारांच्या कितीतरी आधी लोकांच्या तोंडी होते. ‘अंगणवाडी’ हा आज गावोगाव रुळलेला शब्दही एकेकाळी नवाच होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे जे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, त्याच्याशी त्याचे नाते आहे.

शिवाय नवा शब्द निरीक्षणावाचून सुचत नाही. मांजर पुढच्या पंजांनी गोधडी आळीपाळीने दाबते, हे पाहिल्यावाचून ‘कणीकते’ म्हणता येणार नाही. आता शिक्षकांनी एवढेच विचारावे, “मनी असे का करीत असेल?” पिलू दूध पिताना आईच्या पोटाशी पंजे दाबते, त्यामुळे दूध उतरण्यास मदत होते, मोठेपणीही ती सवय राहते. मनी ‘पायघोळते’ तेव्हा ती गाल व अंग घासते. मांजराच्या गालांपाशी गंधग्रंथी असतात व त्या घासण्याने आपल्या माणसांवर तिचा वास राहतो. एका शब्दापासून भाषेचा पाठ परिसर अभ्यासापर्यंत पोहोचला, तोही वेगळे साहित्य विकत न आणता.

यावर रास्त शंका येईल की, मग प्रमाण भाषा शिकवावयाची कधी? ती अवश्य शिकवावी. परीक्षेत, अर्जात, परक्या माणसास लिहिलेल्या पत्रात सर्वांस कळणारा शब्दच हवा, हे मुलास सांगितले पाहिजे. परंतु नवा शब्द चूक ठरवून प्रमाण शब्द पदरी पडत नाही. तो शेजारी ठेवूनच शिकविता येतो. ‘उन्हावते’ खोडू नये. त्यापुढे ‘ऊन खात बसते’ असे लिहून द्यावे. मुलाजवळ एकाऐवजी दोन शब्द होतील. शुद्धलेखनाची चूक आणि नवा शब्द यांतील भेद मात्र शिक्षकाने नीट ओळखावा. ‘शेपूट’च्या जागी ‘शेपुट’ ही चूक आहे. ‘उन्हावते’ ही चूक नव्हे.

याकरिता प्रत्येक वर्गात एक साधी वही ‘वर्गकोश’ म्हणून ठेवावी. आठवड्यातून एक दिवस मुलांनी घरच्या कुत्र्यामांजराची, शेळीकोंबडीची एकेक सवय सांगावी व तिला नाव द्यावे. वहीत चार रकाने असावेत : मुलाचा शब्द, त्याचे वाक्य, प्रचलित शब्द आणि घरी बोलला जाणारा शब्द. चौथा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. ज्या मुलाच्या घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून निराळी असते, ते पुष्कळदा वर्गात गप्प बसते. आपल्या आजीचा शब्द शाळेच्या वहीत लिहिला गेला, हे त्याने एकदा पाहिले की ते पुढचे वाक्य आपणहून बोलेल.

त्या मुलीच्या वहीकडे पुन्हा वळावे. तांबडी रेघ ओढण्यास क्षणही लागत नाही; “कणीकते म्हणजे कसे ग? करून दाखव पाहू,” हे विचारण्यासही फार वेळ लागत नाही. पहिल्याने वही शुद्ध होते. दुसऱ्याने मूल बोलू लागते, आणि बोलू लागलेल्या मुलाची वही पुढे शुद्ध करता येते.