एका शब्दाचे ओझे



भिलाईच्या पोलाद कारखान्यात आणि त्याच्या भोवती वसलेल्या नगरीत एक इंग्रजी शब्द दिवसभर कानांवर पडत असतो. तो शब्द म्हणजे 'चार्ज'. झोतभट्टीत चार्ज पडतो. पाळी बदलली की एक अभियंता दुसऱ्याला चार्ज देतो. बदलून आलेला अधिकारी कार्यालयात चार्ज घेतो आणि नियम मोडल्याच्या संशयावरून एखाद्या कामगाराच्या हाती चार्जशीट पडते. रुग्णालयातून रोगी डिस्चार्ज घेऊन घरी जातो, घरी मुलगा मोबाईल चार्जिंगला लावतो, आणि वर्तमानपत्रात कुठल्याशा गावी लाठीचार्ज झाल्याची बातमी असते. छत्तीसगढी असो, तेलुगू, बंगाली वा मराठी असो, घरात कोणतीही भाषा बोलणारा मनुष्य हा शब्द आपलाच समजून वापरतो. त्याचा अर्थ विचारला, तर मात्र तो क्षणभर थांबतो. हा एक शब्द की सात?

शब्दांचे मूळ शोधू लागले की पुष्कळदा एखादी अगदी साधी वस्तू हाती लागते. येथे हाती लागते ती गाडी. युरोपातील गॉल लोकांचा गाडीवाचक शब्द रोमन लोकांनी उचलला व त्याचे लॅटिन रूप 'कारुस' असे झाले. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'गाडीत माल भरणे' या अर्थाचे क्रियापद सिद्ध झाले. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले, तोच हा 'चार्ज'. जहाजावरचा 'कार्गो' आणि आपल्या दारातली 'कार' ही याच घराण्यातली मंडळी होत. आज विजेवर चालणारी कार चार्ज केली जाते, तेव्हा दुरावलेली ही दोन भावंडे पुन्हा एकत्र येतात, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणजे 'चार्ज'चा पहिला अर्थ ओझे लादणे हा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या जुन्या धाटणीच्या भट्ट्यांकडे पाहिले म्हणजे हा मूळ अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि कोक यांनी भरलेल्या 'स्किप' नावाच्या लहान गाड्या तिरप्या रुळांवरून भट्टीच्या माथ्यावर चढतात आणि तेथे रित्या होतात. हा भट्टीचा चार्ज. येथे शब्द आपल्या जन्मस्थानी, म्हणजे गाडीपाशी, परत आला आहे. विशेष असे की, भट्टीत पडणाऱ्या या मालाला इंग्रजीत 'बर्डन' असेही म्हणतात. बर्डन म्हणजेही ओझेच.

आणि हा 'बर्डन' तर आपला दूरचा आप्त आहे. संस्कृतातील 'भृ' या धातूचे आणि इंग्रजीतील 'बेअर' व 'बर्डन' या शब्दांचे मूळ एकच, हे भाषाशास्त्राला मान्य आहे. 'भृ' म्हणजे वाहणे, पोसणे. भार हा त्याचाच. जो पोसतो तो भर्ता, जिला पोसावयाचे ती भार्या, ज्याला पोसावयाचे तो भृत्य. इंग्रजीतही सांभाळावयास सोपविलेल्या मुलाला सांभाळणाऱ्याचा 'चार्ज' म्हणतात. पोसणे हेही ओझे वाहणेच आहे, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीने ओळखले. आपल्याकडे बंदुकीत बार भरतात. फारसीत 'बार' म्हणजेही ओझेच.

आमच्या परिभाषाकारांनी पदभार, कार्यभार, प्रभार असे शब्द रूढ केले आणि विजेच्या 'चार्ज'लाही विद्युतप्रभार म्हटले, तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्दाच्या मुळावरच बोट ठेवले. या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शिवछत्रपतींच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' झाला; १९३१ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 'श्रीसयाजीशासनकल्पतरु' प्रसिद्ध झाला. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हाही १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता आणि त्या राज्याने हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषा मानले होते. तेव्हा कारभाराच्या शब्दांचा विचार या भूमीला नवा नव्हे.

परंतु कोशकारांच्या आधीच शेतकऱ्याने हा प्रश्न सोडविला होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशाला तारण ठरते पण तिचे गहाण होत नाही, अशा संबंधाला 'चार्ज' म्हटले आहे. आमच्या खेड्यातला शेतकरी हे कलम वाचीत नाही. सोसायटीचे कर्ज घेतले की तो सरळ म्हणतो, "सातबाऱ्यावर बोजा चढला." कर्ज फिटले की म्हणतो, "बोजा उतरला." कारुस त्याला ठाऊक नाही; पण शब्द मात्र त्याने अचूक निवडला. आपल्या संविधानातही संचित निधीवर 'चार्ज' केलेला, म्हणजे भारित खर्च आहे. राष्ट्रपतींचे व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन त्यात येते. त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तो बोजा तिजोरीवर आधीच चढलेला असतो.

येथवर शब्दाची गंमत झाली. आता त्याचे दुखणे पाहू. 'डिस्चार्ज' म्हणजे ओझे उतरविणे. रोग्याला डिस्चार्ज मिळाला की घरी आनंद होतो. धरणातून डिस्चार्ज वाढला की नदीकाठची गावे जागी राहतात. त्याला आपण 'विसर्ग' असा नेटका शब्द योजला आहे. फौजदारी न्यायालयात आरोपीला डिस्चार्ज मिळणे, म्हणजे खटला पुढे चालविण्यासारखा आधार नाही म्हणून त्याची सुटका होणे. कारखान्याच्या स्थायी आदेशांत मात्र कामगाराला 'डिस्चार्ज' करणे म्हणजे त्याची नोकरी संपविणे! शब्द तोच, एकाला घर मिळते, दुसऱ्याची चूल थंड पडते.

'चार्जशीट'चेही असेच आहे. खात्याने कर्मचाऱ्याला दिलेले आरोपपत्र म्हणजे 'तुमच्यावर हे आरोप आहेत, उत्तर द्या' अशी विचारणा. पोलिसांनी तपासाअंती न्यायालयात दिलेला अहवाल लोकांच्या तोंडी चार्जशीट म्हणूनच ओळखला जातो. त्यानंतर न्यायालय स्वतः जो दोषारोप निश्चित करते, तोही चार्ज. या तिन्ही ठिकाणी काहीच सिद्ध झालेले नसते. झाला असतो तो केवळ भार ठेवण्याचा विधी. पण चार्जशीट हा शब्द चाळीत पोहोचतो तो निकाल होऊनच. शेजारी बोलेनासे होतात, मुलीचे ठरत आलेले लग्न लांबते. कागदावरचे ओझे अशा रीतीने शब्दाच्या गाडीतून घरापर्यंत येते. अशा वेळी साध्या मराठीत 'हा आरोप आहे, निर्णय नव्हे' एवढे एक वाक्य कागदाच्या माथ्यावर असेल, तर ते मोठ्या कोशाइतके उपयोगी पडेल.

म्हणून मला वाटते, 'चार्ज'ला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. तो शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारावेत: ओझे कोणी ठेवले, कोणावर ठेवले आणि ते उतरविण्याचा अधिकार कोणाला? याची उत्तरे मिळाली की आकार, बोजा, प्रभार, आरोप, हल्ला यांपैकी नेमका शब्द आपोआप पुढे येतो. उत्तरे शोधण्याचा कंटाळा आला की आपण नुसतेच 'चार्ज' म्हणून मोकळे होतो आणि अर्थ समजून घेण्याचा भार ऐकणाऱ्यावर टाकतो.

आम्हा शासनसेवकांना तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. नव्या जागी रुजू झाल्यावर आम्ही ऐटीने सांगतो, "चार्ज घेतला." ऐकणाऱ्याला वाटते, सत्ता हाती आली. मुळात त्या वाक्याचा अर्थ एवढाच की, दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे माझ्या खांद्यावर आले. आणि ज्या जनतेचे ते ओझे, तिनेच पोसलेला मी भृत्य आहे. 'भार' आणि 'भृत्य' एकाच धातूपासून निघाले, हे कार्यभाराच्या दाखल्यावर सही करताना आठवले, तर त्या सहीची अक्षरे थोडी अधिक सावधपणे उमटतील.