जखम लहान, वेदना मोठी



मी डॉक्टर नाही, भाषा शिकवणारा शिक्षक आहे. तरीही मांस कुजवणाऱ्या जंतूंविषयी बोलण्यास उभा आहे, त्याला कारण आहे. माझ्या चाचांना मधुमेह होता. त्यांच्या पायात खिळा घुसला. हळद भरून पट्टी बांधली. जखम किरकोळ दिसे, पण चाचा रात्रभर तळमळत होते. "एवढ्याशा जखमेचा केवढा बाऊ!" असे आम्ही घरचेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी वेदना थांबल्या. आम्हाला हायसे वाटले. चौथ्या दिवशी पाय काळा पडला आणि प्राण वाचविण्यासाठी तो गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढे वाचन केले, तेव्हा कळले की हे काम एकाच जंतूचे नसते. मधुमेही माणसात बहुधा जंतूंची टोळीच असते. काही जंतू प्राणवायू संपवतात आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्यांना रान मोकळे करून देतात. स्ट्रेप्टोकॉकस मात्र एकटाच पुरेसा असतो. घसा सुजविणारा हाच जंतू धडधाकट तरुणालाही गाठतो. 1924 मध्ये डॉ. फ्रँक मेलेनी यांनी पेकिंग येथील अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिसरा क्लॉस्ट्रिडियम, धनुर्वाताच्या जंतूचा भाऊबंद. तो माती-शेणात असतो, खोल जखमेत वाढतो आणि मांसात वायू तयार करतो. 1914 ते 1918 च्या महायुद्धात खंदकांतील असंख्य सैनिक त्याला बळी पडले. चौथा व्हिब्रियो व्हल्निफिकस, समुद्राच्या उबदार पाण्यातला. यकृताच्या रुग्णाला त्याचा धोका फार.

वाटा निराळ्या, पण शेवट एकच. या जंतूंची विषे पेशी मारतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. त्यामुळे नुसत्या इंजेक्शनाने भागत नाही, मेलेला भाग शस्त्रक्रियेने तातडीने काढावाच लागतो. येथे एकेक तास मोलाचा असतो.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. जखमेच्या मानाने वेदना फार असेल, ताप येईल, सूज झपाट्याने पसरेल, कातडी जांभळी पडेल किंवा फोड येतील, तर त्याच क्षणी मोठे इस्पितळ गाठा. वेदना एकाएकी थांबली म्हणजे आराम पडला असे समजू नका, तेथील मज्जातंतू मेलेले असू शकतात. जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवा. मधुमेही व्यक्तींनी रोज पाय तपासावेत. धनुर्वाताचे इंजेक्शन अवश्य घ्यावे, पण ते या रोगांपासून वाचवत नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरात तुम्ही लहान असाल. तरीही वडीलधाऱ्यांना हे सांगताना संकोच करू नका. चाचांच्या घरात त्या रात्री असे सांगणारे कोणी नव्हते. मी होतो, पण मला माहीत नव्हते. आता तुम्हाला माहीत आहे.